बुलढाणा जिल्हा : लोणार नीट कसे पाहावे आणि त्याच्याभोवती आणखी काय पाहावे

पैनगंगातीर

लोणारला जाऊन आलेल्या मंडळींची वर्णने येथे अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांतील बहुतेकांचा मार्ग ठरलेला असतो. वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला एक दिवस जोडायचा, छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघायचे, विवराच्या काठावरून सरोवराचे छायाचित्र घ्यायचे, दैत्यसूदन मंदिराला प्रदक्षिणा घालायची आणि अंधार पडण्यापूर्वी परतीची वाट धरायची. मी याच जिल्ह्यातला असल्याने हे वाचून वाईट वाटते. लोणारला किमान एक मुक्काम हवा, आणि दुसरा दिवस सिंदखेड राजा व मेहकर यांच्यासाठी राखून ठेवायला हवा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यासाठीच हा धागा काढत आहे. जिल्हा जाणणाऱ्या इतरांनीही भर घालावी.

आमच्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो : तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते आणि तेरा तालुक्यांची सरळ विभागणी करते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे घाटावरचे. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद हे घाटाखालचे. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला मिळते, तर घाटावरचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने शेवटी गोदावरीत जाते. म्हणजे पूर्णा नावाच्या दोन नद्या एकाच जिल्ह्यातून वाहतात आणि दोन वेगळ्या समुद्रांकडे जातात. रेल्वेचा मुख्य मार्ग आणि शेगावचे देवस्थान घाटाखाली असल्याने बाहेरून येणाऱ्यांची वर्दळ तिकडे जास्त असते. या धाग्यात मी घाटावरच्या दक्षिण भागाविषयी लिहीत आहे.

लोणारला आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचावे आणि पहाटे धारेपासून सुरुवात करावी. गावाच्या बाजूला, विवराच्या ईशान्येकडील काठावर ही गोड्या पाण्याची धार गोमुखातून बारमाही पडते. तिच्याभोवती मंदिरांचा समूह आहे आणि स्नानासाठी दूरदूरची माणसे येथे येतात. धारेचे पाणी चाखावे, ते कुठून कुठे वाहते ते पाहावे, आणि मगच विवरात उतरावे. दीडशे मीटरांच्या आतबाहेर उतार आहे, आणि तो उतरताना झाडी बदलत जाते. वर कोरडे रान, मध्ये साग आणि इतर पानझडी वृक्ष, खाली चिंचा व शिंदीची झाडे, आणि अगदी पाण्यालगत वेडी बाभूळ. ही शेवटची परकी. तिने काठचा बराच भाग व्यापला होता आणि ती काढण्याचे काम अनेक वर्षे चालले आहे. पाण्याच्या कडेने जाताना रामगया, वाघ महादेव, मोर महादेव अशी मंदिरे भेटतात. काहींचे केवळ खांब आणि द्वारशाखा उभ्या आहेत, काहींवर वडाच्या मुळांनी विळखा घातला आहे. मोरांचा आवाज चारही बाजूंच्या भिंतींवरून घुमतो, आणि आपण एका बंद भांड्याच्या तळाशी उभे आहोत हे शरीराला जाणवते, जे काठावरून कधीच जाणवत नाही.

पाण्याजवळ कमळजा देवीचे मंदिर आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते आणि पंचक्रोशीतील बायाबापड्या विवरात उतरून येतात. त्याच्यापुढच्या एका विहिरीला सासू-सुनेची विहीर म्हणतात, कारण तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट लागते असे गावकरी सांगतात. सरोवराची पातळी उतरली तरच ती उघडी पडते. उन्हाच्या आधी वर येता येईल असा बेत ठेवावा. दुपार विश्रांतीला द्यावी आणि उतरत्या उन्हात दैत्यसूदन मंदिर पाहावे.

दैत्यसूदनाविषयी थोडे अधिक लिहितो. चालुक्य-यादव काळातील या मंदिराचा तळ तारकाकृती आहे. भिंतींना सतत कोन पडत गेल्यामुळे तिरप्या उन्हात प्रत्येक मूर्तीची सावली शेजारच्या मूर्तीवर पडते आणि सगळी भिंत हलल्यासारखी दिसते. भर दुपारी हीच भिंत सपाट वाटते. म्हणून वेळेचा आग्रह. आत लवणासुराची कथा आहे. या दैत्याने भूमीत वास केला होता, विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या निवासावरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला, आणि त्याच्या रक्ताने भरलेला खड्डा म्हणजे हे सरोवर. छतावरचे कोरीव काम पाहण्यासाठी चांगली विजेरी जवळ ठेवा, कारण आत अंधार आहे आणि भ्रमणध्वनीचा उजेड तेवढ्या उंचीवर पुरत नाही.

सह्यपायी

फार उपयुक्त लेखन. दोन शंका आहेत. पाणी इतके खारे आणि त्यालगतच गोडी धार, हे कसे? आणि उल्कापातानेच हे विवर झाले हे कशावरून ठरले? सगळा महाराष्ट्रच ज्वालामुखीच्या खडकाचा असताना हे ज्वालामुखीचे तोंड का नसावे?

खडकवाटा

भूशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय असल्याने उत्तर जरा विस्ताराने देतो.

आपली दुसरी शंका शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ होती. ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, आणि त्यानंतर पुढे शंभरावर वर्षे बहुतेकांनी याला ज्वालामुखीशीच जोडले. दख्खनच्या पठाराचा बसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि हे विवर त्याच्या तुलनेने अगदी अलीकडचे दिसते. इतक्या उशिरा एकटाच स्फोट का व्हावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. निकाल लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तळ्यात छिद्रे घेतली तेव्हा सुमारे शंभर मीटर गाळाच्या खाली चुरडलेला, फुटलेला बसॉल्ट मिळाला, आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडले. बसॉल्टमधील फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा आघात क्षणभर झाला, तर ते न वितळता काचेसारखे होते, तेच मॅस्केलिनाइट. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, तो अवकाशातून आलेल्या वस्तूच्या आघातातच निर्माण होतो.

त्यामुळेच या जागेचे मोल जगात मोठे आहे. चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभाग मोठ्या प्रमाणावर बसॉल्टचा आहे आणि त्यावर विवरेच विवरे आहेत. पृथ्वीवर मात्र बसॉल्टमध्ये आघाताने झालेली विवरे फारच थोडी उरली आहेत, आणि त्यांत लोणार सर्वांत सुस्थितीत आहे. चंद्रावर वा मंगळावर न जाता तेथल्या खडकाचे काय झाले असेल हे समजून घ्यायचे तर शास्त्रज्ञांना बुलढाण्यात यावे लागते. त्याच्या वयाविषयी पूर्वी सुमारे 52,000 वर्षे असा आकडा सर्वत्र छापला जाई. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. माहितीफलकांवर आणि पुस्तिकांत दोन्ही आकडे आढळतात, तेव्हा गोंधळू नये.

जाणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी अवश्य पाहावी. काठावर उघड्या पडलेल्या लाव्हाच्या थरांकडे नीट पाहिले, तर ते आपल्या पठारावर असतात तसे आडवे नाहीत; विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आघाताने जमीन खालून वर उचकटली गेली त्याची ही खूण. काठ आजूबाजूच्या सपाटीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे, म्हणून गावाकडून येताना सरोवर अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे.

आता पाणी. विवरात पाणी येण्याच्या वाटा आहेत, बाहेर जाण्याची वाट नाही. पाऊस आणि धारेसारखे झरे आत येतात आणि पाणी केवळ वाफ होऊन जाते. क्षार मागे उरतात. हे हजारो वर्षे चालल्यामुळे पाणी खारट तर झालेच, पण तीव्र क्षारधर्मीही झाले; त्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो. मासे त्यात जगत नाहीत. जगतात ती हिरवी-निळी शैवले आणि असे पाणी मानवणारे सूक्ष्मजीव. काठावर जो उग्र वास येतो तो त्यांच्याच घडामोडींचा आहे. काठावर साचणारा खार पूर्वी गोळा करून विकला जाई आणि साबण व काच बनवण्यासाठी वापरला जाई. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की पातळी घटून खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्यातील रंगद्रव्याने हा रंग आला. पावसानंतर तो ओसरला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

विनंती एवढीच की विवरातून दगड उचलून आणू नये. हे अभयारण्य आहे. शिवाय एकेका तुकड्याला तो नेमका कुठे पडला होता यामुळे अर्थ असतो. खिशात घातला की तो अर्थ संपतो.

सह्यपायी

मनःपूर्वक आभार. थरांचा कल पाहण्याची सूचना टिपून ठेवली आहे. अंबर तळ्याविषयीही वाचले होते.

खडकवाटा

अंबर तळे मुख्य विवरापासून सातशे-आठशे मीटरांवर आहे. मूळ वस्तूचा एक तुकडा फुटून तेथे पडला असावा असे पूर्वी मानले जाई, परंतु तसा ठोस पुरावा मिळालेला नाही आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. तेथील मोठ्या मारुतीची आडवी मूर्ती मात्र पाहण्यासारखी आहे.

बारवेची पायरी

लोणारमध्येच लिंबी बारव आहे, ती कोणी चुकवू नये. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाण्याची तिची रचना शांतपणे पाहण्याजोगी आहे. मात्र मला मुख्यतः सिंदखेड राजाविषयी लिहायचे आहे, कारण तेथे लोक राजवाडा पाहतात, जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकतात आणि निघतात. माथा टेकावाच, 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊ येथे जन्मल्या आणि दर वर्षी त्या दिवशी लाखोंचा समुदाय येथे लोटतो. परंतु हे गाव एका घराण्याने पाणी, दगड आणि सत्ता यांचा मेळ घालून उभे केलेले नगर आहे, आणि ते पायी फिरूनच समजते.

राजवाड्याच्या भव्य प्रवेशद्वारातून आत गेल्यावर लखुजीराव जाधवांच्या वाड्याचे जोते व भिंती दिसतात. तेथून रंगमहालाकडे जावे. रंगपंचमीच्या प्रसंगी बाल शहाजी व जिजाऊ यांच्या सोयरिकीचा विषय निघाला तो येथे, अशी परंपरा आहे. नंतर काळा कोट पाहावा. काळ्या दगडाची ही अफाट जाडीची तटबंदी पुरी झालीच नाही. तिच्या पायथ्याशी उभे राहिले म्हणजे जाधवांनी किती मोठा पल्ला मनात धरला होता याची कल्पना येते. तो पल्ला का अर्धवट राहिला हे लखुजीरावांच्या समाधीजवळ कळते. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीराव आणि त्यांच्या घरातील पुरुषांची दगा देऊन हत्या झाली. शिवराय तेव्हा जन्मायचे होते. जिजाऊंच्या माहेरावर कोसळलेला हा आघात पुस्तकात एका ओळीत संपतो. त्या विस्तीर्ण दगडी समाधीसमोर तो एका ओळीचा राहत नाही. हिंदू पुरुषांच्या समाध्यांत ही देशातील सर्वांत मोठ्यांपैकी एक मानली जाते.

2024 साली याच समाधीच्या परिसरात जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीत शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. सुमारे पावणेदोन मीटर लांबीची, घडणीने अतिशय सुबक, पायथ्याशी समुद्रमंथनाचा पट कोरलेली. त्याआधी तेथेच एका शिवमंदिराचे अवशेषही उघडे झाले होते. म्हणजे जाधवांच्या आधीही या गावाला मोठा वारसा होता, आणि तो अजून पुरता वर आलेला नाही.

पाण्याचे काम पाहायचे असेल तर मोती तलावावर संध्याकाळी जावे. त्याच्या दगडी बांधातच कमानींची बैठक आहे, तेथून पाणी समोर दिसते. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेत उतरताना भिंतींतील शिल्पांकडे लक्ष द्यावे, नावाचा उगम तेथेच आहे. नीळकंठेश्वराचे मंदिर याच फेरीत होते.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून साखरखेर्ड्यालाही जावे. 1724 साली येथे निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव केला आणि त्यातून दक्षिणेत हैदराबादच्या निजामांची सत्ता स्वतंत्रपणे उभी राहिली. पुढे सव्वादोनशे वर्षे मराठवाड्याचे भवितव्य ज्या राज्याशी बांधले गेले, त्याची सुरुवात या गावाच्या शिवारात झाली, हे बुलढाण्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते.

रानातला

वरील सर्व वाचून आनंद झाला. जंगलाविषयी थोडे. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे, सागाचे कोरडे पानझडी रान. बिबट्या आणि अस्वल येथे आहेत, मात्र ते दिसतीलच या आशेने येऊ नये. हे रान देशभर गाजले ते एका वाघामुळे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरमध्ये 2019 साली रेडिओ पट्टा लावलेला तरुण नर वाघ तेलंगणाची हद्द गाठून, शेते, रस्ते आणि गावे ओलांडत, काही महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत आला आणि येथे राहिला. टी 1 सी 1 असे त्याचे अधिकृत नाव. लोक त्याला वॉकर म्हणतात. त्याने माणसाला हेतुपुरस्सर त्रास दिला नाही. त्याच्या एकूण फिरस्तीचे अंतर तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेले. तुकड्यातुकड्यांत उरलेली आपली जंगले शेतांच्या आणि ओढ्यांच्या आधाराने अजून एकमेकांशी जोडलेली आहेत, हे त्या पट्ट्याने दाखवून दिले.

उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, पण ते घाटाखाली आणि बरेच दूर असल्याने त्यासाठी स्वतंत्र सहल करावी.

मोगरावेल

आम्ही डिसेंबरअखेर येण्याचा विचार करत आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आहेत. सासूबाईंची शेगावला जाण्याची फार इच्छा आहे. विवरात उतरणे त्यांना झेपणार नाही. अशा वेळी आपण काय सुचवाल?

पैनगंगातीर

आपल्यासाठी काळ उत्तम निवडला आहे. उन्हाळ्यात येथे येऊ नये, आणि भर पावसात विवराची वाट निसरडी असते.

शेगावपासून सुरुवात करावी. मुंबई-नागपूर मार्गावरील अनेक गाड्या तेथे थांबतात, संस्थानात वृद्धांसाठी व्यवस्था अतिशय शिस्तीची आहे, आणि 1910 साली समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांचे दर्शन झाले की सासूबाईंचे मन निवांत होईल. तेथून खामगाव-चिखलीमार्गे घाट चढून मेहकरला यावे. मेहकर पैनगंगेच्या काठी आहे, आणि तेथील शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 साली जमिनीतून निघाली. अकरा फुटांहून उंच, एकसंध काळ्या पाषाणाची ही मूर्ती इतकी सुस्थितीत आहे की दागिन्यांची एकेक कडी मोजता येते. मंदिर गावात असल्याने गाडी जवळपर्यंत जाते. माझ्या मते मूर्तिकला म्हणून संपूर्ण जिल्ह्यात हिच्या तोडीचे दुसरे काही नाही, आणि तरीही लोणारला येणारे शंभरांतले नव्वद जण पंचवीसेक किलोमीटरांवरच्या या मूर्तीपर्यंत जात नाहीत. चिखलीहून येताना वेळ उरला तर सातगाव आणि साकेगाव येथील हेमाडपंती मंदिरे वाटेच्या आसपासच आहेत.

मेहकरहून लोणारला मुक्कामाला जावे. काठावरून सरोवर, धार, दैत्यसूदन आणि लिंबी बारव एवढे वृद्धांना सहज पाहता येते. धारेजवळ थोड्या पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या असतात, तेव्हा हाताला धरून न्यावे. आपण दोघे पहाटे वनखात्याने ठरवलेल्या वाटेने विवरात उतरून न्याहारीपर्यंत परत येऊ शकाल. वडीलधारी मंडळी तोवर निवासस्थानी राहतील. काठासमोर पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, त्याचे आरक्षण लवकर करावे, कारण डिसेंबरअखेर गर्दी असते.

दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजा. राजवाडा आणि लखुजीरावांची समाधी येथपर्यंत गाडीने जाता येते. मोती तलावाचा बांध वृद्धांना आवडेल. बसायला जागा आहे. काळ्या कोटाची फेरी आपण उरकून घ्यावी. 12 जानेवारीच्या आठवड्यात मात्र वृद्धांना घेऊन येऊ नये, गावात पाय ठेवायला जागा नसते. परतीसाठी जालना रेल्वे स्थानक तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे, आणि स्वतःची गाडी असल्यास समृद्धी महामार्ग जवळच लागतो.

बारवेची पायरी

एक भर. सिंदखेड राजाहून जालन्याकडे निघण्यापूर्वी दोन तास असतील तर देऊळगाव राजाचे बालाजी मंदिर आणि त्याच तालुक्यातील मेहुणा राजा करावे. मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाते आणि खडकपूर्णेवरच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. डिसेंबरात त्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात.

मोगरावेल

सर्वांचे आभार. शेगाव, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, जालना असा मार्ग पक्का केला आहे. मेहुणा राजासाठी सासरेबुवांनी आत्ताच होकार दिला. ते वारकरी आहेत. दुर्बीण कोणती न्यावी?

रानातला

आठ गुणिले बेचाळीसची नेहमीची दुर्बीण पुरेशी आहे. जलाशयावर सूर्योदयानंतरच्या तासाभरात जावे आणि सूर्य पाठीशी राहील अशा काठावर थांबावे. पक्षी काठापासून दूर बसतात, पण उजेड समोरून नसला की रंग स्पष्ट दिसतात. लोणारला उतरतानाही ती गळ्यात असू द्या, पाण्याच्या कडेला पाणथळीचे पक्षी दिसतात. लोणारचा रात्रीचा गारठा शहरी माणसाला अपेक्षेपेक्षा जास्त लागतो, तेव्हा वृद्धांसाठी शाल आणि कानटोपी बरोबर ठेवा.